माटोळीतली जाळी

कारखान्याचा टेंपो अंगणात शिरला तेव्हा शेवंती आडोळीवर नारळ खवत होती. आत काय आहे ते तिला चाकांच्या आवाजावरून कळलं. रिकामा टेंपो अंगणातल्या चिऱ्यांवरून खडखडत येतो. मोटर असली की दबून येतो. आडोळी बाजूला सारून, हात न धुताच ती उठली.

"इली गो वयनी, तुझी माहेरवाशीण," धाकटी जाऊ सुमंगला जनेलातून डोकावत म्हणाली. "चवथीक बरी येळार इली. पातोळे खावनच जातली."

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई, सत्यवती, तोंडाला पदर लावून हसल्या. शेवंतीही हसली, कारण न हसता तिथून जाणं बरं दिसलं नसतं. मग टेंपोच्या फाळक्यावरून तिने आत पाहिलं. तीच मोटर, तिसऱ्यांदा.

मोटर बांधायला शेवंती शिकली होती माहेरी, बांद्याला. वडिलांचं वायंडिंगचं दुकान घराच्या पडवीतच होतं. भावांना त्यात गोडी नव्हती. हिला तांब्याच्या तारेचा वास आवडायचा. लग्न होऊन ती डिचोलीला गोकुळदासच्या घरी आली तेव्हा ट्रंकेबरोबर तार गुंडाळायचं लाकडी चाकही आलं, आणि सासरच्या माणसांनी ते शिवणयंत्राचा एखादा भाग समजून माजघरात ठेवलं. पुढे खाणींवरचे पाण्याचे पंप पावसाळ्यात जळायला लागले, पणजीच्या दुकानांत रांगा लागल्या, तेव्हा ते चाक पडवीत आलं आणि तिथंच राहिलं. खाणीवरचे लोक तिचं नाव घ्यायचे. "शेवंतीची बांधणी" म्हटलं की मोटर दोन पावसाळे काढणार असं धरून चालायचे.

मग खाणी बंद पडल्या. गोकुळदासचा खनिज वाहायचा टिपर फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. त्याच्या चाकाआड कोंबडी अंडी घालायची. त्याचा धाकटा भाऊ सगुण खनिज धुण्याच्या प्लांटवर इलेक्ट्रिशियन होता. त्याचंही काम गेलं. वर्षभराने त्याला धारगळच्या काजू कारखान्यात लावून घेतलं, आणि त्याच्या शब्दावर तिथल्या मोटरी शेवंतीकडे येऊ लागल्या. घरात आता बाहेरून जे काही येत होतं ते या दोघांच्या हातून.

सगुण टेंपोमागून मोटारसायकलवरून आला. गोकुळदासने आणि त्याने मिळून मोटर उतरवली. मग सगुण रुमालाने मान पुसत, माडाकडे बघत कारखान्याच्या व्यवस्थापकांचा निरोप सांगायला लागला, "कृष्णनाथबाबान सांगलानी, ही शेवटची. परत इली तर पुढच्यो सगळ्यो म्हापशाक."

"आणि काय सांगलानी?"

"आणखी काय नाय."

"सांगा मरे भावजी. माडाक सांगता तसा माका सांगा."

"बांधणी सैल जाता म्हणतत. वय झाला आसतला, म्हणाले."

सुमंगलाने जनेल लोटून घेतलं. पाने आणि बेअरिंग ओढून काढायचा पुलर घेऊन शेवंतीने तिथंच फतकल मारली.

पहिल्या वेळी मोटर जळून आली होती. तिने सगळी तार काढून नव्याने भरली, बेअरिंगं नवी घातली. दुसऱ्या वेळी मोटर किंचाळत आली. बेअरिंगं खलास. तिने ती बदलली, आतली तार तपासली, ठीक होती. आता पुन्हा तेच. तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि शाफ्ट हाताने फिरवला. नाचणी दळताना जात्यात खडा यावा तशी करकर कानात शिरली. तिने पुन्हा फिरवला. पुन्हा ऐकलं. पोळ्याच्या पिठाचं काय झालं म्हणून सासूबाई आतून हाक मारत होत्या.

बेअरिंग काढून तिने हॅकसॉने त्याची कडी कापली. असं कुणी करत नाही. मेलेलं बेअरिंग भंगारात जातं. पण तिला बसवेना. दोन तुकडे झाले तेव्हा आतली वाट, जिच्यावरून गोळ्या फिरतात, तिने उजेडात धरली. ती आरशासारखी हवी होती. तिच्यावर आडव्या बारीक रेघा होत्या, ओळीने, किसणीसारख्या.

अशी रेघ तिने एकदा पाहिली होती. बांद्याच्या भातगिरणीत कुणीतरी मोटर जागेवर असतानाच तिच्या बैठकीला वेल्डिंग केलं होतं, आणि वडिलांनी ते बेअरिंग फोडून तिच्या तळहातावर ठेवलं होतं. ते म्हणाले होते, ही झीज नव्हे गो. हय करंट चाललो.

तिने कडीचा तुकडा सगुणसमोर धरला. "भावजी, माझ्या तारेत दोष नाय. तुमच्याकडे करंट शाफ्टातसून जाता."

सगुण मोटारसायकलला किक मारतच होता. "वयनी, अर्थिंगचा माका सांगू नका. दर शनिवारी अर्थाच्या खड्ड्यात मी स्वता पाण्याची बाल्दी ओततंय, उन्हाळ्यात तर दोन-दोन. मीठ-कोळसो नवीन भरलोय. मोटरीक हिरवी वायर आसा. आणखी काय करू? अभिषेक करू?"

"मग ह्यो रेघो कसल्यो?"

"बेअरिंग म्हापशाचा घेतलास मगे? डुप्लिकेट आसतला."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. पण मोटारसायकल गेल्यावरही ते वाक्य पडवीत राहिलं. मोटर जळली की बांधणी वाईट; बेअरिंग गेलं की खरेदी वाईट. कुठूनही मोजलं तरी बोट तिच्याकडेच येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात चवथीच्या करंज्या लाटायच्या असताना, शेवंती धारगळला गेली. सासूबाईंना तिने सांगितलं की जाऊन लगेच येते. सुमंगला पोदेराच्या पावांची पिशवी आत नेत म्हणाली, "वच गो वच. करंज्यो काय, मी एकटी लाटतंय. माका खंय मोटरी आसत?"

कारखान्यात काजूगर वाळवायचा गरम हवेचा बोर्मा होता. त्याच्या पंख्यांच्या मोटरी पूर्वी एकाच वेगाने फिरायच्या. उन्हाळ्याआधी मालकाने भिंतीवर ड्राइव्ह बसवले होते: करड्या रंगाच्या पेट्या, ज्यांच्या बटणावर मोटर हळू किंवा जलद करता यायची. त्या बसल्यापासूनच ही मोटर पुन्हा पुन्हा येऊ लागली, हे शेवंतीच्या तिथं उभं राहिल्यावर लक्षात आलं.

तिने पहिल्यांदा पाहिला तो पॅकिंगच्या खोलीतला वजनकाटा. त्याच्या डोक्यावर जास्वंदीचं फूल होतं.

"ह्यो कसलो देव?" तिने विचारलं.

गर निवडणारी पेडण्याची विमला हसली. "बोर्मो चालू झालो की काटो नाचता, ताई. रिकाम्या ताटलीत पाव किलो दाखयता. फूल घातला तर वायच शांत रवता."

"रवता?"

"खंयचो रवता! पण फूल घातला नाय तर आमकांच बोल."

व्यवस्थापक कृष्णनाथ चष्मा पुसत बाहेर आले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "वयनी, बायलमनशाचो हात म्हणून मी बोलत नाय हां. खाणीवर तुमचा नाव होता, मीच ऐकलंय. पण बघा, ड्राइव्हवालो इंजिनीर फोनार म्हणता पेटी बरी आसा. सगुणान केबल बरी घातल्यानी, शील्डवाली, महागातली. मग उरता कोण?"

चहा गोड होता. शेवंती तो अर्धा प्यायली आणि मोटरीची रिकामी बैठक बघायला गेली. केबलचं टोक सगुणने किती सुंदर केलं होतं! तिन्ही तारा सरळ, टोकाला लाल नळी, वर काळी टेप अशी गुंडाळलेली की शेवट सापडू नये. दोष दिसेल असं काहीच नव्हतं. ती परत निघाली तेव्हा तिच्या मनात हेच घोळत होतं की कदाचित बेअरिंग खरंच डुप्लिकेट असेल, कदाचित खरंच हात सैल झाला असेल. घरी येऊन तिने जेवायच्या आधी स्वतःची जुनी एक बांधणी उघडून, फेरे दाबून पाहिली. घट्ट होती. तरी तिने पुन्हा दाबली.

संध्याकाळी माटोळी बांधायची होती. गोकुळदास डिचोलीच्या बाजारातून लाटंबार्श्याच्या बायकांकडची कांगलां, कवंडळं ही रानफळं, सुपारीचं शिपटं, मोठं तोरिंजन, चिबूड असं सगळं घेऊन आला होता. गणपतीच्या जागेवर माटोळीची लाकडी चौकट टांगलेली होती. सगुण स्टुलावर चढून एकेक फळ बांधत होता, सुमंगला खालून देत होती. दर वर्षी केवणीच्या सालीचे दोर असायचे. या वर्षी सुमंगलाच्या हातात दुसरंच काहीतरी चमकत होतं.

"बघ गो वयनी, यंदा आमची माटोळी चांदीची."

शेवंती समई घासत होती. तिने मान वर केली. बारीक तारांची विणलेली जाळी, पायमोज्यासारखी पोकळ, ताणली की लांब होणारी. नारळाच्या पेंडीच्या वजनानेही ती तुटत नव्हती. चौकटीभर चंदेरी दोर लोंबत होते, खरोखर देखणे दिसत होते.

"खंयची ही?"

"ह्यांनी हाडली कारखान्यातसून. टाकाऊ. मी तर हंडेय हिनांच घासलंय. बघलंस मा, कसे लखलखतत!"

शेवंतीने समई खाली ठेवली. तिने एक दोर हातात घेतला, दोन बोटांनी दाबून गोल केला. तो बरोबर केबलच्या जाडीचा झाला.

"भावजी, ही केबलीची जाळी. शील्ड म्हणतत ती हीच मा?"

"हां. महागातली."

"खंयच्या टोकाची कापलास?"

"मोटरीकडच्या. उरल्या तुकड्यांचीय काढलंय." सगुण चिबूड बांधत होता, त्याने वळूनही पाहिलं नाही. "पेटीकडे ती अर्थाक बांधलंय. मोटरीकडे मागे सोलून टाकूची आसता, खंय लागता नये म्हणान. विठ्ठल फोरमनाचो नियम. शील्ड एकाच टोकाक. दोन्ही टोकाक बांधलास तर गेलास."

विठ्ठल फोरमन म्हणजे खाणीवरचा त्याचा गुरू, आता वारलेला. खाणीच्या पट्ट्यावर खनिजाचं वजन सांगणारा काटा होता, त्याचेही आकडे असेच भलते यायचे. फोरमनने त्याच्या बारीक केबलची जाळी एका टोकाला सोडवली आणि आकडे जागेवर बसले. सगुण ही गोष्ट लग्नामुंजीत सांगायचा. त्या दिवसापासून त्याने हाताखालची प्रत्येक केबल त्याच नियमाने बांधली होती, आणि कुठेही काही बिघडलं नव्हतं. ड्राइव्ह मात्र तेव्हा नव्हते.

"ती काट्याची वायर होती, भावजी. इवलीशी. ही मोटरीची."

"वायर ती वायर."

"धारगळाकय काटो नाचता. मी बघून इलंय. फूल घालतत त्याका."

आता सगुण वळला. त्याच्या हातात चंदेरी दोर होता. "म्हणजे चूक माझी? तुझी मोटर जळली ती माझ्यामुळे? बरा बोललंस. चवथीच्या आदल्या दिवसा बरा बोललंस. खयचा तरी खापर फोडूक माझाच डोक्या मेळला."

"मी इचारतंय. तुमी कंपनीवाल्याक इचारा. माझा खोटा आसला तर मी तुमच्या पाया पडान."

"इचारा म्हणजे? मी कापलंय म्हणान त्याका सांगू? ह्या महिन्यात माका कायम करतले आसत!"

"आणि माका म्हापसा करतले आसत."

"देव दारात इलोहा," सत्यवती आतून ओरडल्या. "दोघांनीय तोंडा मिटा. त्या पेंडीक आणखी एक गाठ मार रे, माझ्या डोक्यार पडात."

चवथ आली. मूर्ती आली, पूजा झाली, माणसं येऊन फळं पाहून गेली आणि चांदीच्या दोरांचं कौतुक करून गेली. प्रत्येक कौतुकाला सुमंगला फुलत होती, आणि शेवंती पातोळे वाढता वाढता वर पाहत होती. आरतीला टाळ वाजवतानाही तिची नजर देवावरून वर सरकायची. गोकुळदासने तिला दोनदा कोपराने ढोसलं. ती बसली की उठायची, उठली की काय घ्यायला उठलो ते विसरायची. पडवीत मोटर पोत्याखाली झाकून ठेवली होती. तिने तिच्यात नवी बेअरिंगं घातली होती, आणि पाठवायची हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, सगुणच पडवीत आला. त्यालाही झोप लागली नसावी. डोळे लाल होते. "आता तुमच्या समोरच फोन लावतंय," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐका. मग माका बोलूक येवचा नाय."

त्याने स्पीकर लावून मोबाईल मोटरीवरच ठेवला. ड्राइव्ह बसवून गेलेल्या पुण्याच्या माणसाने फोन उचलला. मागे त्याच्याकडेही आरती चालली होती.

"साहेब, शील्ड एकाच टोकाला बांधायची ना? तुम्ही त्या वेळी विचारलं होतं, बांधली का. मी हो म्हटलं होतं."

"सिग्नलच्या केबलची एकाच टोकाला, बहुतेक वेळा. मोटरच्या केबलची दोन्ही टोकांना." तो माणूस आरतीपासून लांब गेला असावा, आवाज स्पष्ट झाला. "का? काय केलंय?"

शेवंतीने मोटरीकडे वाकून विचारलं, "मोटरीकडची कापली तर काय होतं?"

"ड्राइव्ह मोटरला करंट सरळ देत नाही, बाई. तुकडे तुकडे करून देतो, सेकंदात हजारो वेळा. त्यातला थोडा दर वेळी बाहेर सांडतो. त्याला पेटीकडे परत यायला जवळची वाट लागते, ती म्हणजे ती जाळी. ती तोडली तर तो शाफ्टमधून जाईल, बेअरिंगमधून जाईल, शेजारच्या यंत्रात शिरेल."

"हिरवी वायर आहे की," सगुण म्हणाला. "अर्थिंग एकदम चांगलं आहे."

"ते माणसाला शॉक लागू नये म्हणून. ते हवंच. पण हा करंट बारीक वायरीतून लांबवर जायला मागत नाही. त्याला रुंद वाट हवी."

शेवंतीला न्हाणीचं पाणी आठवलं. माडाच्या आळ्यात जाणारा पाट बुजला की ते भिंतीच्या मुळाशी मुरतं, आणि मग दोष गवंड्याला.

"किती कापलीय?" फोनमधून प्रश्न आला.

"हातभर," सगुण म्हणाला. त्याने मान खाली घातली होती. केबलला ढील नव्हती. मागे ओढून नव्याने सोलावी एवढी ती लांब नव्हती.

"तर मग तसलीच जाळी जोडा. उरलेल्या शील्डवर सगळीकडून पट्टीने आवळा, आणि दुसरं टोक मोटरच्या अंगाला. रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर. नवीन केबल मिळेपर्यंत चालेल. जाळी आहे का तुमच्याकडे?"

पडवीतल्या सगळ्यांनी एकदमच आत पाहिलं.

"विसर्जनाआधी माटोळीक हात लावूचो नाय," सत्यवती म्हणाल्या. कुणी लावणारही नव्हतं.

संध्याकाळी गणपती ओढ्यावर गेला. परत आल्यावर दर वर्षी फळं उतरवून शेजाऱ्यांत वाटायची. या वर्षी सुमंगलाने एकेक गाठ स्वतः सोडवली. कुणाला हात लावू दिला नाही. चंदेरी दोर धुपाने जरा काळवंडले होते, त्यांना चिबडाचा वास येत होता. तिने ते घडी घालून शेवंतीच्या पुढ्यात ठेवले.

"घे. तुझी मोटर बरी करून घे. आणि माझ्या घोवाची नोकरी गेली तर ह्योच ताटात वाढून दी."

शेवंतीने त्यातले हंडे घासलेले, तुटके दोर वेगळे काढले. सुमंगलाने तेही पाहिलं.

कारखाना उघडला त्या सकाळी सगुणने केबल जोडली. शेवंती मोटरीबरोबर टेंपोतून आली होती. बैठकीवर त्याने मोटर बसवली, आणि तिच्या अंगावरचा हिरवा रंग एका जागी खरवडून काढला. जाळीचं टोक तिथे रुंद पसरून आवळलं. पाना हवा असला की तो हात पुढे करायचा, ती द्यायची. दुसऱ्या मोटरीकडेही त्याने तेच केलं; ते तिने सांगितलं नव्हतं.

बोर्मा सुरू झाला. शेवंतीने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. मोटर भुंग्यासारखी एकसुरात घुमत होती. एवढ्यावरून काही ठरत नव्हतं. नवं बेअरिंग दर वेळी असंच घुमलं होतं. पण पॅकिंगच्या खोलीतून विमलाची हाक आली, "ताई, काटो उबो रवलो गो!" रिकाम्या ताटलीवर शून्य होतं, आणि ते शून्यच राहिलं. विमलाने जास्वंद उचलली आणि आपल्या केसांत खोवली.

कृष्णनाथ काट्याकडे, मग मोटरीकडे बघून आले. "बघा, मन लावून केला की होता," ते शेवंतीला म्हणाले. "ह्या वेळी हात बरो बसलो तुमचो."

गर निवडणाऱ्या बायका ऐकत होत्या. शेवंतीला वाटलं, इथं गप्प राहिलं तर काम राहतं, सगुणही राहतो, घरातलं जेवण सुखाने होतं. सगळ्यांचं सगळं राहतं. राहत नाही ती फक्त तिची बांधणी.

"ह्या वेळी मी काय वेगळा केलंय नाय, बाब," ती म्हणाली. "तीच तार आसा, तेच फेरे. मागच्या वेळचे."

"मग?"

ती सगुणकडे बघत नव्हती. तिने मुद्दामच पाहिलं नाही. कृष्णनाथांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"केबलीचा टोक," सगुण म्हणाला. "मोटरीकडचा. मी आता बदललंय."

चुकलो असं तो म्हणाला नाही. "आफिसात ये," एवढं म्हणून कृष्णनाथ निघून गेले.

त्या महिन्यात सगुणला कायम केलं नाही. काढलंही नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. घरात सुमंगला शेवंतीशी कामापुरतं बोलायची: मीठ दी, दार ओढ, पोदेर इलोहा. माहेरवाशिणीची थट्टा बंद झाली. ती थट्टा आपल्याला एवढी आठवेल असं शेवंतीला वाटलं नव्हतं. मोटर परत येत नव्हती. तरी कुठलाही टेंपो वळणावर दबून आला की तिचा हात थांबायचा, आणि टेंपो पुढे निघून गेला की आता सगळ्या मोटरी म्हापशालाच जातात की काय, असं मनात यायचं.

दिवाळीच्या सुमारास सगुणची मोटारसायकल अंगणात आली. मागे दोरीने आवळलेली एक लहान मोटर होती, कारखान्यातल्याच दुसऱ्या पंख्याची, बरीच वर्षं जुनी, तार काळी पडलेली. त्याने ती उचलून पडवीच्या उंबऱ्यावर आपटली.

"कृष्णनाथबाबान धाडल्यानी. वयनीकडेच दी म्हणाले."

शेवंतीने हात पुसले.

"केबल नवी घातलंय," तो म्हणाला. या वेळी तो माडाकडे बघत नव्हता. "दोन्ही टोका बांधलंय. रंग खरवडून. चार वेळा बघलंय. आता जळली तर तुझी हां."

"माझीच," शेवंती म्हणाली, आणि पाना शोधायला लागली.

जनेल थोडं उघडलं. "वयनी," सुमंगलाचा आवाज आला, "च्या ठेवलंय. त्या तेलकट हातांनी कप धरू नको."